बादलीतला मासा

बंगळुरूच्या वायव्येला अर्कावती नदीवर १८९४ साली बांधलेला हेसरघट्टा तलाव आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याच्या काठावर आजोबा गळ टाकून बसले होते. सकाळपासून दोरी ओढली की तिलापियाच वर येत होता.

शेजारी नातू बादली धरून उभा होता. बादलीत त्याचा काच चाटणारा सकरमासा. दोन बोटांएवढा आणलेला मासा आता वीतभर झाला होता, आणि घर तर पुण्याला हलवायचं होतं.

“आजोबा, याला सोडू? एवढं पाणी बघून किती खूश होईल!”

आजोबांनी गळ बाजूला ठेवला. “थांब बाळा. आधी माझी एक चूक ऐक.

“मी तुझ्या बाबाएवढा होतो. कावेरीतला महसीर कमी होत चालला होता. लोक पाण्यात सुरुंग उडवून मासे मारत. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत महसिराची पिल्लं आली आणि आम्ही गळवाल्यांनी ती कावेरीत सोडली. नदीचं ऋण फेडलं, असं वाटलं मला.

“पण तो होता निळ्या परांचा महसीर. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं वर्णन केलं, ते आपल्या पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून. कावेरीचा महसीर वेगळा. पाठीला उंचवटा, शेपटी नारिंगी. १९४६ साली कबिनी नदीत असा एक गळाला लागला, ५४ किलोंचा! पुढे पाहुणा वाढत गेला आणि घरधनी दिसेनासा होऊ लागला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याची नेमकी शास्त्रीय ओळख पटली तीही त्याच वर्षी. ज्याची ओळखही पटली नव्हती, त्याच्या घरात आम्ही बिऱ्हाडकरू आणून बसवला होता.”

“पण तुम्ही चांगलंच करायला गेला होतात ना?”

“हो रे. पण नदीला आपलं मन दिसत नाही, आपण सोडलेला मासा तेवढा तिच्या वाट्याला येतो. हा तुझा मासा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखतासारखी कवचं; इथल्या माशांना तो सहजी गिळता यायचा नाही. आणि अर्कावती पुढे कावेरीलाच मिळते. हा तिलापिया बघ, मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला, आणि आज माझ्या गळाला दुसरं काही लागत नाही.”

नातवाने मुकाट्याने बादलीवर फडकं बांधलं. संध्याकाळी दोघे शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने मासा मोठ्या टाकीत ठेवून घेतला.

तात्पर्य : दया करावी, पण ती कोणाच्या घरात जाऊन उतरणार आहे हे आधी पाहावं. घरच्या टाकीतला मासा नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नका.