खेळण्याची सनद

खेळण्यासारख्या विषयावर निबंध लिहावा काय, अशी शंका काही वाचकांना येईल. हजरत आएशा (र.) यांच्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता आणि त्याबद्दल त्यांनी दिलेले उत्तर ऐकून पैगंबर (स.) मनापासून हसले, ही हदीस आपल्या घरांतून सांगितली जाते. तेव्हा खेळणे ही तुच्छ वस्तू नव्हे. शिवाय मला ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे, तो खेळण्याच्या निमित्ताने अधिक स्वच्छ दिसतो. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा तो प्रश्न. धर्म, भाषा, घराणे यांच्या संदर्भात तो निघाला की आपण चटकन तापतो आणि विचार बाजूला राहतो. खेळण्यावरून सहसा कोणी तापत नाही.

जपानमधील शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. १९४६ साली लाकूड कापण्याच्या गिरणीपासून हा धंदा सुरू झाला. पुढे लाकडी मॉडेल आली, मग प्लॅस्टिकची. १९७६ साली कंपनीने रेडिओच्या लहरींवर चालणारी आपली पहिली विजेची गाडी काढली. पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची ती एकास बारा प्रमाणातील प्रतिकृती होती. गाडी तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग, स्क्रू, चाके, मोटर आणि चित्रांची पुस्तिका असे; गाडी आपण जोडायची. १९७९ साली वाळूवर धावणारी ‘सँड स्कॉर्चर’ आली, तिला फोक्सवॅगन बीटलच्या धर्तीचे कवच होते. १९८४ साली ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ आल्या. कालांतराने या गाड्यांचे उत्पादन थांबले. त्या वेळची मुले मोठी झाली, मिळवती झाली आणि जुने खोके शोधू लागली. मग कंपनीने २००४ साली हॉर्नेट, २००५ साली ग्रासहॉपर आणि २०१० साली सँड स्कॉर्चर पुन्हा बाजारात आणल्या.

आता शौकिनापुढे दोन खोके आहेत. एक त्या काळातला, न उघडलेला, त्याची किंमत नव्याच्या कित्येक पट. दुसरा नव्या आवृत्तीचा, जवळजवळ तसाच दिसणारा. कोणता घ्यावा?

‘जवळजवळ’ या शब्दात काय काय आहे ते पाहू. जुन्या गाडीत वेग कमीजास्त करण्यासाठी एक धातूचा स्पर्शक यंत्राने सरकत असे आणि उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. आता ते काम बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असते. जुन्या रबरी टायरांना भेगा पडतात, प्लॅस्टिक ठिसूळ होते, चिकटपट्टीचा डिंक सुकतो. जुनी गाडी खरोखर पळवली तर एखादा भाग मोडण्याची भीती असते; आणि मोडला तर त्याच्या जागी बसवायचा भाग नव्या आवृत्तीतूनच घ्यावा लागतो.

पहिला युक्तिवाद जुन्याच्या बाजूचा असतो: ‘हे मूळ आहे, ते नक्कल आहे.’ पण मूळ कशाला म्हणायचे? पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबून हे भाग काढले जातात. १९७९ चा खोका म्हणजे त्या साच्यातून निघालेल्या हजारो प्रतींपैकी एक प्रत. मूळ म्हणायचे तर तो साचा मूळ, आणि साचा कोणी विकत घेत नाही. अनेक नव्या आवृत्त्यांत जुनेच साचे वापरले गेले, काही भागांसाठी ते नव्याने करावे लागले. त्याच्याही मागे गेलो, तर पोर्शेची ती प्रतिकृती एका खऱ्या मोटारीची नक्कलच होती. म्हणजे आपण ज्याला अस्सल म्हणतो ते नकलांच्या साखळीतील एक आधीची कडी आहे, इतकेच.

साखळी हा शब्द आपल्याला परका नाही. हदीस स्वीकारताना आपल्या विद्वानांनी कागद किती जुना आहे एवढेच पाहिले नाही. ती कोणाकडून कोणाकडे आली, मधली कडी तुटली तर नाही ना, हे पाहिले. इस्नाद म्हणतात ती हीच. याच न्यायाने पाहिले तर त्याच कंपनीने, त्याच आराखड्यांवरून, आपल्या नावाने काढलेली नवी आवृत्ती खोटी ठरत नाही. खोटी ठरते ती कोण्या तिसऱ्याने गुपचूप केलेली नक्कल, कारण तिला सनद नाही.

‘तेच’ या शब्दाचा अर्थ पदार्थात नसून परंपरेत असतो, याचे याहून कितीतरी थोर उदाहरण आपल्यापुढे आहे. खेळण्याशी त्याची तुलना नाही. विचार फक्त शब्दाचा आहे. पैगंबरांच्या (स.) नबुव्वतीपूर्वी कुरैशांनी काबागृह नव्याने बांधले, आणि हजरे अस्वद कोणी बसवायचा हा तंटा त्यांनीच मिटवला. त्यानंतरही ते पुन्हा बांधले गेले. १६३० च्या सुमारास पुराने भिंती ढासळल्या, तेव्हा उस्मानी सुलतान चौथ्या मुरादच्या काळात त्या परत उभारण्यात आल्या. गिलाफ तर दर वर्षी बदलतो. तरी आपला किबला ‘नवा’ आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. जपानी लोकांनाही हा विचार त्यांच्या श्रद्धेतून परिचित आहे. इसे येथील शिंतो मंदिर ते दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधतात. २०१३ साली हे बासष्टाव्यांदा झाले. लाकूड नवे, मंदिर तेच.

तर मग नवी आवृत्ती घ्यावी आणि विषय संपवावा? इतके सोपे नाही. सनद नावाचा हक्क देते, सालाचा देत नाही. २०१० साली निघालेली गाडी सँड स्कॉर्चर आहे, पण ती १९७९ साली नव्हती. २०१५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाने आपल्या संग्रहातील कुरआनच्या दोन चर्मपत्री पानांची कार्बन चाचणी प्रसिद्ध केली. चर्मपत्राचा काळ इसवी सन ५६८ ते ६४५ असा निघाला. मुंबईत छापलेल्या प्रतीवरून केलेली तिलावत त्या पानांवरून केलेल्या तिलावतीपेक्षा तसूभर कमी नाही. कलाम तोच आहे. तरीही ती पाने पाहून माणूस स्तब्ध होतो. तो स्तब्ध होतो साक्षीपुढे. ती पाने त्या काळी होती, कोणाच्या तरी हातात होती. नव्या छपाईला हे कधीच म्हणता येणार नाही.

म्हणून वस्तूकडे आपण दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो: तिने आपले काम करावे, किंवा तिने साक्ष द्यावी. काम हवे असेल तर नवी आवृत्ती पुरेशी आहे, कित्येकदा अधिक चांगली आहे. साक्ष हवी असेल तर जुनीच गाडी हवी. पण मग ती वापरलेली हवी. जिच्या कवचावर ओरखडे आहेत, तळाला वाळू घासल्याच्या खुणा आहेत, जिचा एखादा स्क्रू कोणा मुलाने वाकडा बसवला आहे, तिच्याकडे सांगण्यासारखे काही आहे. बाजारात मात्र नेमके उलटे घडते. सर्वांत महाग असतो तो कधीही न उघडलेला खोका. तो खोका कशाची साक्ष देणार? त्याने ना मूल पाहिले, ना वाळू पाहिली. तो फक्त थांबून राहिला.

कोकणातल्या आपल्या घरांना हा खोका ओळखीचा वाटेल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातातून येणाऱ्या पेट्यांत अत्तर, कापड, टेपरेकॉर्डर यांच्याबरोबर कधी बॅटरीवर चालणारी एखादी गाडीही असे. ती जोडायची किट नसे, तयारच असे. आणि बहुतेक वेळा ती शोकेसच्या काचेमागे जाई. पाहुणे आले की दाखवायची, मुलांनी हात लावायचा नाही. त्यामागे कंजूषपणा नव्हता. बापाने परमुलखात उन्हात राबून आणलेली वस्तू मोडू नये, ही माया होती. पण मूल मोठे झाले, गाडी नवीच राहिली, आणि बापाला जे द्यायचे होते ते काचेतच राहून गेले. खेळण्याचा हक्क खेळण्यावर असतो. तो हक्क न देता ते जपणे म्हणजे अमानत सांभाळणे नव्हे.

तिसराही एक प्रकार आहे: जुन्या सांगाड्यावर नव्या आवृत्तीचे भाग बसवून उभी केलेली गाडी. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाचा जो प्रश्न विचारला, फळ्या एकेक बदलत गेलो तर जहाज तेच का, तो इथे हातात धरून पाहता येतो. तत्त्वज्ञांना त्याचे उत्तर अजून एकमताने देता आलेले नाही. पण व्यवहारापुरते उत्तर आपल्याकडे आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले; फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, अशी ताकीदही दिली. भिजलेले धान्य विकू नको, असे मात्र ते म्हणाले नाहीत. जोडकामाची गाडी विकण्यातही काही गैर नाही. कोणते भाग जुने आणि कोणते नवे, हे वर ठेवायला हवे. खोटेपणा प्लॅस्टिकमध्ये नसतो. वस्तूबद्दल दिलेल्या शब्दात असतो.

हाच नियम विकत घेणाऱ्याने स्वतःलाही लावावा. लहानपणी जे मिळाले नाही ते पन्नाशीत विकत घेताना माणूस अनेकदा स्वतःच्या राशीत ओले धान्य खाली दडवतो. आपण वस्तू घेत आहोत असे म्हणतो आणि हरवलेली वर्षे मागत असतो. ती कोणत्याच खोक्यात नसतात, जुन्यात नाहीत आणि नव्यातही नाहीत. हे एकदा मान्य केले की निवड सोपी होते. ज्याला साक्ष हवी त्याने ओरखडे असलेली जुनी गाडी घ्यावी आणि तिचे वय तिला राहू द्यावे. ज्याला गाडी जोडायची आणि पळवायची आहे त्याने नवी घ्यावी, बिनदिक्कत घ्यावी, आणि शक्य तर शेजारी एखादे मूल बसवून जोडावी. उद्या त्या मुलाच्या दृष्टीने तीच मूळ गाडी असेल. तिच्यावर साल कोणतेही छापलेले असो, त्याच्या हातून पडलेला पहिला ओरखडा तिच्यावर असेल.