लाल दिव्याच्या अलीकडे

लग्नाची तारीख निघाली, मांडव कुठे पडणार हे ठरलं, की वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्यात पुढची फेरी साऊंडवाल्याकडे होते. तिथले प्रश्न ठरलेले असतात. बेस किती, टॉप किती? पंधरा इंची की अठरा इंची? रात्रभर चालेल ना, मधेच दगा तर देणार नाही? आणि सगळं ठरल्यावर, हळदी-कुंकवाचा विसार हातावर ठेवताना, शेवटचं वाक्य : "भाऊ, दणका आला पाह्यजे. आवाज पार हायवेपर्यंत गेला पाह्यजे." नागपूर-अमरावतीचा हायवे गावाला लागूनच आहे, तेव्हा मागणी तशी अवास्तव नाही. आवाज कुठे थांबेल, हे मात्र त्या दुकानात कोणी विचारत नाही.

जोरदार आणि टिकाऊ, हे दोन गुण एकाच बॉक्समध्ये हवेत ही गिऱ्हाईकाची अपेक्षा मला रास्त वाटते. पैसे मोजतोय तर माल दमदार हवा. गंमत अशी, की हे दोन्ही गुण खरोखर हवे असतील तर यंत्र आपल्याकडून संयम मागतं.

आधी वॉटचं बघू, कारण सगळा बाजार वॉटवर चालतो. स्वस्तातल्या पेटीवर पीएमपीओ म्हणून चार-पाच आकडी संख्या छापलेली असते. ती क्षणभराच्या कमाल ताकदीची, तीही कारखानदाराच्या मर्जीने मोजलेली. सतत किती वॉट पेलतील हे सांगणारा आकडा आरएमएसचा, आणि तो नेहमी लाजून कोपऱ्यात असतो. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे 500 वॉटच्या जागी 1000 वॉट लावले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. कानाला तो फरक जेमतेम कळतो. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट. भावकीतल्या लग्नात दोन बेस होते म्हणून आपण चार लावले, या चढाओढीत भाडं दुप्पट होतं आणि कानाला मिळतं चिमूटभर.

शेजाऱ्याच्या वाट्याला काय जातं? एक मीटरवर एका वॉटला 97 डेसिबल देणारा साधा पंधरा इंची बॉक्स घ्या आणि त्याला 400 वॉट द्या. एक मीटरवर 123 डेसिबल झाले. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. आठ मीटरवर 105. बत्तीस मीटरवर 93. अडीचशे मीटरवर गेलात तरी 75 शिल्लक. हे कागदावरचं गणित आहे, मधे घरं-झाडं आली की कमी होतं. पण बॉक्सही कधी एकच नसतो. आता ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम बघा : निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केला असेल तर शंभर मीटरचा शांतता पट्टा, तिथे दिवसा 50, रात्री 40. कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावात ग्रामीण रुग्णालय, शाळा, बाजार आणि मांडव यांच्यात अशी किती अंतरं असतात?

त्यातही आकडा सगळं सांगत नाही. बारीक आवाज भिंतीला अडतो, बेस अडत नाही. मांडवातल्या पाहुण्याला पूर्ण गाणं मिळतं, तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या म्हातारीला त्यातलं फक्त धडधड मिळतं. शब्द नाहीत, चाल नाही, पत्र्यांची थरथर तेवढी. शिवाय कायद्याची मर्यादा ज्या मापाने मोजतात ते माप माणसाच्या कानाच्या कलाने चालतं आणि खालच्या सुरांना कमी वजन देतं. छातीला जे जाणवतं ते मीटरवर पूर्ण उमटतच नाही. म्हणून 'मोजून घ्या साहेब, लिमिटमधे आहे' हे उत्तर खरं असूनही पुरेसं नसतं.

आता टिकाऊपणा. स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम काही टक्के भाग आवाज होतो, बाकीची सगळी उष्णता होऊन आतल्या कॉइलमध्ये जिरते. आपल्याकडची लग्नं मे महिन्यातली, सावलीत 44-45 अंश. त्यात जनरेटरचं व्होल्टेज वरखाली. मिक्सरवर आणि अँप्लिफायरवर बारीक दिवे असतात : हिरवे, मग पिवळे, टोकाला लाल. लाल लागला म्हणजे अँप्लिफायरची ताकद संपली, लहरींचे माथे छाटले जाऊ लागले. गाणं फाटतं, आणि छाटलेल्या लहरीतली जादा उष्णता आधी टॉपच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या बॉक्सच्या, नाजूक कॉइलला जाळते. ऑपरेटर पोऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तो लाल दिवा बघून बोटाने आवाज खाली ओढतो, तेवढ्यात नवरदेवाचा मित्र त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, "वाढव ना बे, दणका येऊनच नाही रायला!" पोरगा वाढवतो. सकाळी युनिट उडालेलं असतं आणि रिकॉइलचा खर्च कोणी द्यायचा यावर आहेराच्या टेबलाजवळ वाद चालू असतो. संत्र्याची गाडी पाटे वाकेपर्यंत भरणारा माणूस निदान पाटा तुटल्यावर खर्च कोणाचा म्हणून वाद घालत नाही.

ज्या साऊंड सिस्टिम वर्षानुवर्षं टिकतात त्या लागते त्यापेक्षा मोठ्या घेतलेल्या आणि निम्म्या ताकदीवर चालवलेल्या असतात. त्यांचा आवाज स्वच्छ असतो, म्हणून कमी असूनही भरलेला वाटतो. ताकद अंगात असावी आणि ती राखून वापरावी, ही शिकवण इथे कोणा संताकडून आलेली नाही, तांब्याच्या तारेकडून आलेली आहे. ऐकायला हरकत नसावी.

हे सगळं लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती असते. गोंगाटावर लिहिणं फार सोपं आहे, आणि ते लिहिणारे बहुतेक वेळा ज्यांच्या घराण्याचा आवाज गावात आधीपासूनच चालत होता ते असतात. या महाराष्ट्रात अशी गावं होती जिथे काही जातींच्या वरातीला वाजंत्री लावायची मुभा नव्हती, नवरदेवाला घोड्यावर बसायची सोय नव्हती. दुसऱ्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या डफडं वाजवणाऱ्यांना स्वतःच्या आनंदाला मात्र गप्प बसावं लागलं. ज्याने आयुष्यभर 'हो मालक' म्हटलं, त्याच्या नातवाच्या लग्नात धुमाल बँडची गाडी आली आणि गावभर दणका गेला, तर त्या दणक्यात नुसता माज ऐकू येणारा कान मला अर्धा बहिरा वाटतो. त्या रात्री ऐकवायचं असतं : आम्हीही आहोत.

पण मग हेही पाहावं लागतं, की तो आवाज जातो कुठे. वाड्याची भिंत जाड असते, खिडक्या लागतात, एसी चालू असतो. टिनाच्या छपराखाली, लग्नघराला लागून, बाळंतीण निजलेली असते ती त्याच वस्तीतली. बारावीचा अभ्यास करणारी पोर त्याच गल्लीतली. ज्यांना ऐकवायचं ते लांब, ज्यांना सोसायचं ते जवळ. आणि जवळचे बोलत नाहीत. त्यांना विचारून बघा, उत्तर ठरलेलं, "वाजू द्या ना भाऊ, लग्न काय रोज रोज होते का?" उद्या त्याच घरी हळदीला जायचं आहे, परवा निंदणाला त्यांच्याच सोबत. कोण 112 लावणार? हा होकार संमती म्हणून हिशेबात धरणं मला अप्रामाणिक वाटतं. लहान गावात तक्रार न येणं हे त्रास नसल्याचं प्रमाण नसतं, ते संबंध जपल्याचं प्रमाण असतं, आणि ते संबंध जपण्याचं ओझं प्रत्येक वेळी सोसणाऱ्यानेच का उचलावं?

लाऊडस्पीकर मुळात वाईट, असं या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. सेवाग्रामला राहून दर सोमवारी मौन पाळणारे गांधीजी बाकीच्या दिवशी लाऊडस्पीकरवरून बोलतच होते; त्या काळच्या सभांच्या छायाचित्रांत माईकवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी दिसते, ती नानिक मोटवानेंच्या कंपनीची. काँग्रेसच्या अधिवेशनांना त्यांनी ध्वनिक्षेपक पुरवले ते हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बोलणं ऐकू यावं म्हणून. यंत्राचं काम एवढंच होतं : जो ऐकायला आला आहे त्याच्यापर्यंत पोचणं. याच हायवेने अमरावतीकडे निघालात की गुरुकुंज मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या पट्ट्यातली गावंच्या गावं रात्ररात्र जागवली. आणि त्यांच्या पुण्यतिथीला तिथे लाखोंचा समुदाय दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजलीला उभा राहतो. भजनात दंग होणारी आणि ठरल्या मिनिटाला एकत्र गप्प होणारी माणसं तीच. आपल्याला आवाजावर ताबा ठेवता येत नाही, हे म्हणूनच मला पटत नाही.

मांडव भरेल आणि गल्ली वाचेल अशी मांडणी करता येते, आणि ती महागही नाही. दारात भिंतीसारखे बॉक्स रचून सगळा आवाज एका टोकाने ढकलला, की मागच्या खुर्चीला ऐकू यावं म्हणून पुढच्याचे कान फोडावे लागतात. त्याऐवजी चार-सहा लहान बॉक्स माणसांमध्ये विखरून, जरा उंचावर, तोंड आत आणि खाली करून लावले, तर प्रत्येकाला जवळून ऐकू येतं आणि अंतराचं तेच 6 डेसिबलचं गणित मांडवाबाहेर आपल्या बाजूने काम करतं. बेस कमी, आणि वस्तीपासून जमेल तितका लांब. पत्रिका जिथवर गेली तिथवर आवाज जावा, एवढा अंदाज अनुभवी साऊंडवाल्याला असतोच. रात्री दहानंतर बंद हे तर सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये बजावून झालं आहे. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यात आपल्या घरचं लग्न येत नाही.

राहिला तो ऑपरेटर पोरगा. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मापाने 85 डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 ला पंधरा मिनिटं. आठ मीटरवर आपण 105 काढले होते. तिथे मुदत पाच मिनिटांची, आणि हा त्याहून जवळ, पूर्ण सीझन. त्याच्या कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, चहाच्या दोन कपांच्या पैशात. बुकिंगच्या चिठ्ठीवर बॉक्स किती आणि भाडं किती हे लिहितोच. त्याखाली दोन ओळी आणखी लिहून दोघांनी सही करावी. लाल दिवा लागला की आवाज कमी करायचा हक्क ऑपरेटरचा, वऱ्हाडी काहीही म्हणोत. आणि दहाला बंद केलं म्हणून उरलेल्या पैशातून एक रुपया कापायचा नाही.