पाहणाऱ्यावरचे ऋण

अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींनी आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यावी, ती शहराबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर लावावी आणि जॉर्जियातल्या सव्हानामध्ये मनसोक्त हिंडावे, यात गैर काहीच नाही. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये वसवलेल्या या शहराचे आजही टिकून असलेले २२ चौक, त्यांवर सावली धरणारे ओक वृक्ष, फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळ यांचे देखणेपण कुणालाही थांबवते. पण हे वैभव ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले, त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. मग ते पाहून सुखावणाऱ्यावर काही बंधन येते का? माझ्या मते येते, आणि त्याला ऋण म्हणावे.

तेव्हाच्या जॉर्जिया वसाहतीत १७३५ मध्ये गुलामगिरीवर बंदी आली आणि १७५१ मध्ये ती उठवली गेली. अन्याय अजाणतेपणी घडला, असे म्हणायला जागाच उरत नाही. मार्च १८५९ मध्ये पिअर्स बटलर या जमीनदाराने स्वतःचे कर्ज फेडण्यासाठी शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत ४०० हून अधिक माणसे लिलावात विकली. त्याच वर्षी सव्हानातल्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची आजची इमारत पुरी झाली. दिवसभर मालकाचे काम करून गुलाम भाविकांनी ती रात्री बांधली, असे तिथली मंडळी सांगतात. तळमजल्याच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोके आहेत. खाली लपलेल्या पळपुट्या गुलामांना श्वास घेता यावा म्हणून ती पाडली, अशी चर्चची परंपरा आहे. ज्यांचे स्वतःच्या देहावरही स्वामित्व नव्हते, त्यांनी देवासाठी घर उभारले, याहून मोठा श्रद्धेचा पुरावा मला ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, हे पाप आमचे नाही. आम्ही तर फार नंतर, दुसऱ्या खंडातून आलो. खरे आहे. परंतु पाप करण्यातून लागते, ऋण घेण्यातून. पितृऋण काही आपल्या अपराधाची शिक्षा नसते. मिळालेल्याची ती जाणीव असते. रक्ताचे नाते नसतानाही ही जाणीव शक्य आहे, हे जोतीराव फुल्यांनी दाखवले. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुःखस्थळी जाणारा पर्यटक त्या दुःखाचाच तमाशा करतो. हा धोका खराच, आणि रात्रीच्या भुताटकीच्या सहलींत तो स्पष्ट दिसतो. पण त्यावर उपाय पाठ फिरवणे नव्हे. ते चर्च आजही नांदते आहे. तिथे पाहुण्याच्या अदबीने जावे, सांगणाऱ्याचे ऐकावे, फोटो नंतर. राहिला प्रश्न सहलीच्या आनंदाचा. मैत्री एवढी नाजूक असू नये, की एका खऱ्या कहाणीने तिचा रंग उतरावा. उलट असे ऐकलेले एकट्याने पेलण्यापेक्षा चौघांत बोलून पेलणे सोपे जाते.

सव्हानाचा बेत आखणाऱ्यांनी नदीकाठच्या जेवणाइतकाच वेळ या चर्चसाठीही राखून ठेवावा.