जिभेखालची गोळी

खोपटच्या एसटी स्टँडवर परवा जुन्या शेजारच्या काकू भेटल्या. त्यांचा धाकटा मुलगा गर्दच्या नादात किती बुडाला होता, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक. "आता बरा आहे रे," त्या म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणून, "पण गोळी रोज घ्यावी लागते." मी पटकन बोलून गेलो, "मग सुटलं कुठे, काकू?" त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांची गाडी लागली.

तो प्रश्न मला अजून सलतो आहे.

ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. उपचार केंद्रांवर परिचारिका समोर उभी राहून देते. मेंदूत गर्द जिथे जाऊन चिकटते, तिथेच हे औषध बसतं, पण अर्धवटच काम करतं. टर्की, म्हणजे अंग मोडून काढणारी ती कळ, येत नाही आणि तशी धुंदीही चढत नाही. शिवाय जागा इतकी घट्ट धरून बसतं की वरून गर्द ओढली तरी तिला फारसा थारा मिळत नाही. मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधाचा असा उपयोग न्यूयॉर्कमध्ये 1960च्या दशकात सुरू झाला. 2005मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीपासून वाचवायला आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनाही ती देते.

मग आपल्याला खटकतं काय? मला वाटतं, आपला 'व्यसनमुक्ती' हा शब्दच. डॉ. अनिता अवचटांनी 1986मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हा व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हे मराठी घरांना पहिल्यांदा नीट समजलं. आपण त्यातली 'मुक्ती' तेवढी उचलली, रुग्ण विसरलो. आम्ही वर्तमानपत्रवाले तर आजही मथळ्यात 'गर्दुल्ले' लिहितो. मुक्ती म्हणजे हात पूर्ण रिकामे, गोळीसुद्धा नको, असा आपला हट्ट.

या हट्टाने माणसं मरतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. घरच्यांच्या टोमण्यांनी गोळी बंद केलेल्या मुलाचं शरीर जुनी सवय विसरलेलं असतं. पाय घसरला आणि पूर्वीइतकंच घेतलं, तर श्वास थांबू शकतो. माझ्या एका वाक्याने काकूंनी घरी जाऊन त्याला गोळी बंद करायला लावली असती तर?

रात्री फोन करून माफी मागितली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, एवढंच सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी सहाला डबा मागतो रे आता. लोकल चुकेल म्हणून घाई करतो."

स्टँडवर त्या मला हेच सांगायला थांबल्या होत्या.