शिफारस हीदेखील अमानत आहे

बंधू-भगिनींनो, ‘मुलासाठी प्लेस्टेशनचा कोणता खेळ घ्यावा?’ असे कोणी विचारले की आपण सहज एक नाव सांगून मोकळे होतो. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो.

‘फिफा १८’ या फुटबॉलच्या खेळाचे उदाहरण घ्या. वेष्टनावर युरोपीय वयोमर्यादेचा ३ हा आकडा. त्यात ना रक्तपात, ना अश्लीलता. मात्र पैसे मोजून बंद पाकिटे घेण्याची सोय त्यातच होती; आत कोणता खेळाडू निघेल, हे केवळ नशिबावर. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने या प्रकाराला जुगार ठरविले. जुगाराला तर पवित्र कुरआनने (५:९०) सैतानी कृत्य म्हटले आहे.

म्हणून खेळाची गोडी सांगाल, तसा त्यातील धोकाही सांगा. माहीत नसेल, तर तसे स्पष्ट म्हणा. शिफारस चांगली असो वा वाईट, करणाऱ्याचा तिच्यात वाटा असतो, असे कुरआन (४:८५) बजावतो. अल्लाह आपणा सर्वांना खरा सल्ला देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.