जुनीं नातीं आणि नवा जन्म

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अशीं घरें थोडीं आहेत कीं, ज्यांतील सगळीं माणसें एकाच दिवशीं प्रभूकडे वळलीं. बहुतेक ठिकाणीं मुलगा ख्रिस्ती झाला आणि आई आपल्या देवापुढें दिवा लावीत राहिली. बायको मंदिरांत उपासनेस येते आणि नवरा बाहेर पारावर बसून तिची वाट पाहतो. दोघे भाऊ एकाच बांधाच्या दोन बाजूंस औत धरितात, पण एकाच्या घरीं हरिनाम आणि दुसऱ्याच्या घरीं प्रार्थनासभा. अशा ठिकाणीं विश्वासी मनुष्याच्या मनांत जो प्रश्न उभा राहतो, तो मंडळी जितकी जुनी तितकाच जुना आहे. ज्याला देवानें नवा जन्म दिला, त्याचीं पहिल्या जन्माचीं नातीं उरलीं कीं संपलीं?

संपलीं, असें सांगणारे लोक आपल्यांत आहेत. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांतील प्रभूचे शब्द ते पुढें करितात. शिष्य होऊं इच्छिणाऱ्यानें आईबापांचा द्वेष करावा, अशा अर्थाचें तें वचन आहे. आमची उपदेशक बंधूंस विनंति आहे कीं, ह्या वचनावर बोलण्यापूर्वीं त्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय उघडून पाहावा. याकोबाची बायको लेआ हिच्याविषयीं तेथें मूळ इब्री भाषेंत 'द्वेष' ह्या अर्थाचाच शब्द आहे. परंतु आदल्याच वचनांत याकोबाचें प्रेम लेआपेक्षां राहेलीवर अधिक होतें, एवढेंच सांगितलें आहे. इब्री लोकांची बोलण्याची ही रीतच होती. दोघांतून एकास पहिलें आसन दिलें, म्हणजे दुसऱ्याचा द्वेष केला असें म्हणावयाचें. मत्तयानें १० व्या अध्यायांत हाच उपदेश नोंदिला आहे, आणि आईबापांवरील प्रेम प्रभूवरील प्रेमाहून वरचढ होऊं नये, असा त्याचा अर्थ तेथें उघड आहे. म्हणजे प्रभूनें नातें तोडावयास सांगितलें नाहीं. त्याची जागा कोणती, हें सांगितलें.

उलटपक्षीं, धर्माचें नांव सांगून नातें टाकणाऱ्यांस प्रभूनें कसें फटकारिलें, तें मार्काच्या ७ व्या अध्यायांत पाहावें. शास्त्री व परूशी यांनीं एक सोईची वाट काढिली होती. म्हाताऱ्या आईबापांस जें द्यावयाचें, तें 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पिलेलें आहे, असें एकदां मुलानें म्हटलें कीं तो मोकळा. हा शब्द आमच्या गांवांत कोणी उच्चारीत नाहीं, पण ती वाट पुष्कळांच्या पायांखालची आहे. 'मी प्रभूच्या सेवेंत आहें, आई धाकट्याकडे असते, तो तिच्याच धर्माचा आहे, तोच तिचें पाहील,' असें म्हणणारा बंधु आपल्याला भेटतो. त्याच बंधूला शेताची वांटणी निघाली म्हणजे तलाठ्याच्या कचेरीची वाट मात्र अचूक सांपडते!

ह्याविषयीं इतिहासांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पूर्वीं ह्या देशांत जो बाप्तिस्मा घेई, तो वडिलार्जित मिळकतीस मुके. १८५० सालीं कंपनी सरकारनें २१ वा कायदा करून ठरविलें कीं, धर्म सोडल्यामुळें किंवा जातीबाहेर पडल्यामुळें कोणाचा वारसा जाऊं नये. ह्या कायद्यावर त्या वेळीं मोठा गिल्ला झाला. मुलगा पितरांस पिंड देणार नाहीं, तर त्यानें पितरांचें धन कां घ्यावें, असें विरोध करणाऱ्यांचें म्हणणें होतें. पिंडाची गोष्ट सोडून दिली तरी ह्या आक्षेपाच्या पोटीं एक खरी गोष्ट आहे, असें आम्हांस वाटतें. हक्क आणि ऋण हीं एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत. कायद्यानें हक्क राखिला, पण ऋणाविषयीं कायदा मुका राहिला, कारण तें राखणें कायद्याच्या हातीं नसतें. ख्रिस्ती मुलगा बापाच्या शेतांत आपलें नांव लावितो, तेव्हां बापाच्या दुखण्याच्या उशाशींही त्याचें नांव लागलें पाहिजे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी मनुष्याहूनही वाईट, असा पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अभिप्राय आहे, आणि ते घरचे ख्रिस्तीच असावेत अशी अट त्यानें तेथें घातलेली नाहीं.

पण खरी अडचण भाकरतुकड्याची नसते. ती मरणाच्या वेळीं येते. बाप वारला. भाऊबंद जमले. थोरला मुलगा आमच्या मंडळींतील. त्यानें खांदा द्यावा काय? दहाव्यास नदीवर जावें काय? तेराव्याच्या जेवणासाठीं धान्य द्यावें काय? असे प्रश्न आमच्या पाळकांपुढें वारंवार येतात, आणि मंडळीची पंचमंडळी त्यावर रात्र रात्र बोलते.

आम्हांस येथें नामानाची गोष्ट आठवते. दुसऱ्या राजांच्या ५ व्या अध्यायांत ती आहे. कोड जाऊन तो शुद्ध झाला आणि इस्राएलाच्या देवावांचून दुसऱ्या कोणास यज्ञ करणार नाहीं, असा त्यानें निश्चय केला. येथवर सर्व उपदेशक सांगतात. ह्यापुढील भाग मात्र क्वचितच ऐकूं येतो. परत जातांना नामान अलीशाजवळ एक कठीण गोष्ट काढितो. त्याचा धनी अरामाचा राजा रिम्मोन देवाच्या देवळांत जातो, तेव्हां तो नामानाच्या हाताचा आधार घेतो, आणि धनी वांकला कीं नामानासही वांकावें लागतें. ह्याची देव क्षमा करील काय? अलीशा त्याला नियम घालून देत नाहीं, नोकरी सोड असेंही म्हणत नाहीं. शांतीनें जा, एवढेंच म्हणतो. धन्याच्या हाताखालचा आधार काढून घेऊन त्याला देवळाच्या पायरीवर पाडणें हा देवाचा मान नव्हे, हें त्या भविष्यवाद्यानें ओळखिलें होतें. नामान वांकला तो रिम्मोनापुढें नव्हे. तो आपल्या धन्याबरोबर वांकला.

ह्या दृष्टीनें पाहतां आमचें मत असें आहे कीं, मुलानें बापाला खांदा अवश्य द्यावा. सरणाचीं लांकडें वाहावीं, आईजवळ बसावें, घरांत चूल पेटणार नाहीं त्या दिवशीं आपल्या चुलीवरची भाकर न्यावी. पिंड देणें ही पूजा आहे. ती त्यानें करूं नये, आणि नाहीं म्हणावयाचें तें आधींच, घरच्यांशीं एकांतांत, हात जोडून म्हणावें. नदीकांठीं चारचौघांत वाद घालून नव्हे. डोकें भादरण्याविषयीं आम्ही एकच उत्तर देत नाहीं. एका गांवीं तें केवळ दुःखाचें चिन्ह समजतात, दुसऱ्या गांवीं तो विधीचा भाग असतो. तेथें पाळकानें स्थानिक मंडळींशीं बोलून ठरवावें. तेराव्याच्या खर्चाबद्दल म्हणाल, तर आईच्या हातीं पैसे द्यावे. तिनें ते कशांत घातले, ह्याचा हिशेब मुलानें मागूं नये.

आतां एक अवघड गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती आमच्या उत्साही बंधूंस कदाचित् रुचणार नाहीं. अविश्वासी नातलगांवर प्रेम करावें, हें सर्वांस मान्य आहे. कां करावें, असें विचारिलें तर तत्काळ उत्तर येतें: ते प्रभूकडे यावेत म्हणून. ते यावेत ही इच्छा आमचीही आहे. ती नसेल तो ख्रिस्ती कसला? परंतु प्रेम जर त्यासाठींच केलें, तर तें गळाला लाविलेलें आमिष झालें. म्हातारी आई भोळी असली तरी हा फरक तिला कळतो. मुलगा औषध घेऊन आला कीं पत्रक घेऊन आला, हें ती त्याच्या पावलांवरून ओळखिते. पौलानें करिंथकरांस लिहितांना, अविश्वासी जोडीदार नांदावयास राजी असेल तर त्यास टाकूं नये, असें सांगितलें. आणि तुझ्यामुळें त्याचें तारण होईल किंवा नाहीं हें तुला काय ठाऊक, असा प्रश्न विचारून तें उत्तर देवाच्या हातीं सोडिलें. नांदावें मात्र आजपासून.

प्रभूचेंही घर असेंच दुभंगलेलें होतें, हें आपण विसरतों. त्याला वेड लागलें आहे असें वाटून आप्तजन त्याला धरावयास आले होते. त्याचे भाऊ त्याजवर विश्वास ठेवीत नव्हते, असें योहान स्पष्ट लिहितो. देवाची इच्छा पाळणारे तेच माझे भाऊ, असें तो बोलला हें खरें. तरी वधस्तंभावर प्राण जात असतां आईला कोणाच्या घरीं आसरा मिळेल, ह्याची व्यवस्था त्यानें केली. भावांचे डोळे उघडले ते त्यानंतर. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायांत ते माडीवरच्या खोलींत प्रार्थनेस बसलेले दिसतात.

आपल्या महाराष्ट्रांतील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहींत. १८६६ च्या एका कायद्यानें अशा वेळीं धर्मांतरितास, कांहीं अटींवर, न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याची मुभा होती. ज्यांनीं ती घेतली त्यांस आम्ही दोष देत नाहीं; एकेकाचें ओझें एकेकालाच ठाऊक. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. कित्येक वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, त्या आपल्याच धर्मांत राहून आल्या. पुढें १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानें. त्या काळचीं भांडणें, रुसवे आणि हंसूं त्यांनीं 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत मोकळेपणानें लिहिलें आहे. १९३४ सालीं त्याचा पहिला भाग निघाला. ज्या घरीं तो नसेल त्यांनीं मिळवून संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्यानें वाचावा. बायकांस तर तो फारच आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

शेवटीं उपदेशकांस एक सूचना. बाप्तिस्म्याच्या उमेदवारास आपण पापाविषयीं विचारितों, विश्वासाविषयीं विचारितों, दहा आज्ञा म्हणवून घेतों. त्यांतील पांचवी आज्ञा म्हणून झाली कीं जरा थांबावें, आणि घरीं मागें कोण कोण राहणार आहे, त्यांचीं नांवें विचारून वहींत लिहून घ्यावीं. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्या घरीं जावें, ओसरीवर बसावें, आणि त्या दिवशीं पुस्तक पिशवींतच राहूं द्यावें. पावसाविषयीं, गुराढोरांविषयीं, म्हातारीच्या गुडघ्यांविषयीं बोलावें, आणि ती पाणी देईल तें प्यावें.