पाळण्यातील मूल आणि पारध्याचे हरीण : बालवयातील संगीतशिक्षणाचा धर्मविचार

पहिली-दुसरीच्या मुलांना गाणे शिकवणे हा शाळेच्या दिनक्रमातील सर्वांत निरुपद्रवी भाग समजला जातो. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाली, वर्गात एखादे बडबडगीत म्हटले गेले आणि स्नेहसंमेलनाच्या आधी एक समूहगीत बसवले, की संगीताचे काम संपले असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि सहा-सात वर्षांचे मूल जे गाते त्यात देव असतो, देश असतो, गुरू असतो, आणि या तिहींविषयी त्याने स्वतः काहीही ठरवलेले नसते; मानण्याच्या कितीतरी आधी ते गाऊ लागलेले असते. ज्याला श्रद्धा आणि अश्रद्धा यांतून निवड करता येत नाही, त्याच्या कंठात श्रद्धेचे शब्द घालण्याचा अधिकार शिक्षकाला कोठून मिळतो, हा धर्मविचारातील खरा प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न उभा राहतो: असे सर्व शब्द वगळले, तर महाराष्ट्रातील मुलाच्या वाट्याला कोणते संगीत उरेल?

या प्रश्नाचा विचार पनवेलच्या संदर्भात करणे अनेक कारणांनी सोयीचे आहे. १८५२ साली नगरपरिषद मिळालेले हे जुने बाजारगाव १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झाले, आणि आगरी-कोळी गावे, कातकरी वाड्या, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले, तसेच खारघर, कामोठे, कळंबोली येथील देशभरातून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती एकाच हद्दीत किंवा तिच्या अगदी कडेला नांदू लागल्या. येथील पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरची गाणी एक नाहीत, देवही एक नाहीत, आणि काही घरांत गाण्याविषयीच संकोच आहे.

संगीत आणि मुक्ती यांचा संबंध भारतीय परंपरेत ज्या ग्रंथाने सर्वांत नेमकेपणाने मांडला, तो मराठी मुलखातच लिहिला गेला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा पंडित राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि वैद्यकही जाणत होता. म्हणूनच बहुधा, स्वरांकडे वळण्यापूर्वी तो गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ सांगतो आणि शरीर हे नादाचे उत्पत्तिस्थान असल्याचे दाखवून मगच पुढे जातो. नाद दोन प्रकारचा, असे तो म्हणतो. आघाताविना योग्याला अंतरात ऐकू येणारा तो अनाहत, आणि आघाताने, म्हणजे कंठातील वायूने किंवा तारेच्या छेडण्याने, निर्माण होणारा तो आहत. अनाहताची उपासना मुक्ती देते, परंतु तीत रंजन नसल्याने सामान्य माणसाचे मन तिच्यात रमत नाही. आहत नाद मात्र लोकांना रिझवतो आणि त्याच वेळी संसाराचे बंधनही तोडतो. रंजन ही येथे खालची पायरी ठरत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बालकाला गाण्यात जो आनंद होतो त्याला ‘नुसती करमणूक’ म्हणून हिणवणारा शिक्षक शार्ङ्गदेवाच्या दृष्टीने शास्त्रच चुकलेला असतो.

गीताची थोरवी सांगताना शार्ङ्गदेव आधी देवांची नावे घेतो, गंधर्व, दानव आणि मानव यांना त्यांच्या मागे बसवतो, आणि नंतर एकदम पाळण्यातल्या मुलाकडे येतो: जगातील कोणत्याच विषयाची गोडी ज्याने चाखलेली नाही, असे रडणारे तान्हे मूल गीताचे अमृत पिताच हर्षाने भरून जाते. त्याला शब्द कळत नाहीत, देव माहीत नाही, राग-तालाचे ज्ञान नाही. तरीही गीत त्याच्यापर्यंत पोहोचते. संगीताचा परिणाम श्रद्धेवर अवलंबून नाही, तो श्रद्धेच्या आधीचा आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधणे कठीण. मात्र त्याच्या लगेच पुढे येतो तो हरिणाचा दाखला. रानात गवत खाऊन राहणारे हरीण पारध्याच्या गाण्याने मोहून जाते आणि प्राणही देऊन टाकते. शार्ङ्गदेवाने हा दाखला स्तुतीसाठी दिला आहे यात शंका नाही. तरीही मूल आणि हरीण यांचा हा शेजार आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. जी शक्ती रडणाऱ्या बाळाला शांत करते, तीच सावजाला बाणाच्या टप्प्यात आणते, आणि दोघांनाही निवड करण्याची संधी मिळालेली नसते.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात हीच शक्ती ओळखली होती. लय आणि स्वरमेळ आत्म्याच्या अगदी आतल्या कप्प्यात शिरतात, आणि विवेक जागा होण्यापूर्वीच मुलाला सुंदर-कुरूप यांची आवड-नावड लावतात, असे त्याचे निरीक्षण आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र भयावह आहे: आदर्श नगरात डोरियन आणि फ्रिजियन एवढ्याच स्वरपद्धती ठेवाव्यात, बाकीच्या हद्दपार कराव्यात. मुलाची संमती मिळू शकत नाही, म्हणून राज्याने त्याच्या वतीने निवड करावी, असा हा तर्क आहे. आणि ज्या ज्या सत्तेला मुलांनी एकच गाणे गावेसे वाटते, ती कळत-नकळत प्लेटोचीच वाट चालत असते.

महाराष्ट्रात शालेय संगीताला आजचे रूप मिळाले ते विष्णु दिगंबर पलुस्करांमुळे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि दरबार, मैफल व कोठा यांत अडकलेली विद्या फी भरून, पाठ्यपुस्तक हाती घेऊन, ठरावीक वेळेला शिकता येईल अशी केली. मध्यमवर्गीय घरातील मुलगी किंवा मुलगा गाणे शिकू लागणे ही त्या काळी लाजेची बाब होती. ती लाज पलुस्करांनी भक्तीच्या आधाराने घालवली. शृंगारिक चिजांचे शब्द त्यांनी बदलले, भजनाला मैफलीत स्थान दिले, आणि गायक म्हणजे शीलवान साधक ही प्रतिमा लोकांच्या मनात रुजवली. याउलट विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीताकडे व्याकरणकाराच्या नजरेने पाहिले. घराण्यांच्या बंदिशी लिपिबद्ध करून त्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सिद्ध केली, आणि धर्मापेक्षा इतिहास व पुरावा यांना मान दिला. पनवेलपासून फार दूर नसलेल्या वाशीत आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे केंद्र आहे, आणि पनवेल परिसरातील क्लासांत मुले त्याच मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला बसतात. म्हणजे पलुस्करांचा वारसा येथे रोजच्या व्यवहारात आहे. भजन हे संगीताने मध्यमवर्गीय घरात शिरण्यासाठी मोजलेले मूल्य होते, हे मात्र विसरले गेले. ते ज्या समाजासाठी मोजले गेले त्याबाहेरची मुले आता वर्गात आहेत, आणि त्यांच्याकडूनही तेच मूल्य नकळत वसूल केले जाते.

भक्तिगीत वगळल्याने प्रश्न सुटत नाही, हे पनवेल तालुक्याच्या स्वतःच्या संगीतावरून कळते. आगरी-कोळी समाजात लग्न लागते ते धवलारिणीच्या गाण्यावर. धवलारीण म्हणजे विवाहातील प्रत्येक विधी धवळे गाऊन पार पाडणारी ज्येष्ठ स्त्री, जिचा मान पुरोहितासारखा असतो. धवळा हा प्रकार मराठीत फार जुना आहे; शार्ङ्गदेवाच्याच शतकात आणि त्याच यादव राज्यात महानुभाव कवयित्री महदंबेने धवळे रचले. धवलारिणीच्या गाण्यातून विधी काढला तर गाणे उरत नाही, आणि गाणे काढले तर विधी उरत नाही.

याहून बोलका दाखला पनवेलच्या ज्यूंचा आहे. १८४९ साली येथे उभारलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर ज्या बेने इस्राएल समाजाचे, त्या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारदीय कीर्तनाचा साचा उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साक्या, ओव्या, पदे यांसह मराठीत गाऊ लागला. चाल शेजाऱ्याची, देव स्वतःचा. कीर्तनाने त्या समाजाला हिंदू केले नाही आणि त्या समाजाने कीर्तनाला पोरके केले नाही. चाल, लय, आख्यान रंगवण्याची रीत या गोष्टी एका धर्माच्या मालकीच्या राहत नाहीत, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, आणि पनवेलच्या शाळांत या कीर्तनाचा उल्लेखही होत नाही, ही खेदाची बाब आहे.

कायद्याने हा प्रश्न अर्धाच सोडवला आहे. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते संमतीवाचून लादता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास ही संमती पालकाने द्यायची असते. धर्मांची माहिती देणे आणि धर्माची दीक्षा देणे यांत फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. गाणे मात्र या फरकाला जुमानत नाही. धर्माविषयीचा धडा वाचून मूल त्याच्या बाहेर उभे राहू शकते. भजन गाताना ते भजनाच्या आतच असते.

याबाबत दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. काँग्रेसच्या १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनाला हरकत घेतली, तेव्हा पलुस्करांनी ती झुगारून ‘वंदे मातरम्’ गायले. गाणाऱ्याचा अधिकार त्यांनी बाणेदारपणे राखला, आणि तो राखण्याजोगाच होता. पुढे १९८५ साली केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले; ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, आणि उभे राहून मौन पाळणे हा अनादर नाही असे ठरवले. पहिल्या प्रसंगात गाण्याचे स्वातंत्र्य होते, दुसऱ्यात न गाण्याचे. शिक्षकाला दुसरे अधिक जपावे लागते, कारण पलुस्करांसारखा गवई स्वतःचे स्वातंत्र्य स्वतः जपू शकतो, सात वर्षांचे मूल ते जपू शकत नाही.

या वादात हिंदुस्थानी संगीताच्या रचनेतच दडलेले उत्तर सहसा दुर्लक्षित राहते. या पद्धतीत षड्जाची, म्हणजे ‘सा’ची, उंची ठरलेली नसते, ज्याने त्याने आपल्या गळ्याला मानवेल तेथे सा लावावा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने शोधावेत, अशी मुभा शास्त्रानेच दिली आहे. वर्गात मात्र सा शिक्षकाचा असतो. पुरुष शिक्षक काळी एकच्या आसपास पेटीवर स्वर धरतो. लहान मुलांचा गळा त्याहून बऱ्याच वरच्या, काळी चार-पाचच्या सुमाराच्या पट्टीत मोकळा होतो. परिणामी काही मुले खर्जात पुटपुटतात, काही वरच्या सप्तकात ओरडतात, आणि दोघांवरही ‘बेसूर’ असा शिक्का बसतो, जो अनेकदा जन्मभर पुसला जात नाही. चूक गळ्याची नसते, पट्टीची असते. मुलाच्या श्रद्धेचा मान राखणे ही फार मोठी बाब झाली. त्याच्या गळ्याचा मान राखणे ही तिची पहिली इयत्ता आहे, आणि जो शिक्षक मुलांचा सा ऐकून पेटीची पट्टी बदलतो त्याला संमती म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

यावरून अध्यापनाचा क्रमही सुचतो. शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून ‘संगीत’ म्हटले, आणि सहा वर्षांच्या मुलाला ही व्याख्या मोठ्यांपेक्षा लवकर पटते, कारण ते टाळी वाजवल्याशिवाय आणि हलल्याशिवाय गाऊच शकत नाही. त्याला आधी ऐकू द्यावे, मग टाळी आणि खाली यांतून ताल अंगात मुरू द्यावा, आणि सरगम त्यानंतर यावी. लेखी प्रश्न आणि प्रमाणपत्र यांची दोन-तीन वर्षे तरी घाई नसावी. ॲरिस्टॉटलनेही ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात मुलांनी स्वतः गावे-वाजवावे, परंतु स्पर्धेतील कसरतीपर्यंत जाऊ नये, असा सल्ला दिला आहे. वाहिन्यांवरील बालगायकांच्या स्पर्धा पाहणाऱ्या पालकांना तो पचणे अवघड आहे.

भक्तिगीत वर्गात असावे की नसावे, या प्रश्नाचे उत्तर ‘असावे’ असेच द्यावे लागते, परंतु दोन अटींवर. ते कोणाचे गाणे आहे हे मुलांना सांगितले जावे, म्हणजे अभंग वारकऱ्यांचा, धवळा आगऱ्यांचा, हम्द, म्हणजे अल्लाहची स्तुती, मुसलमान शेजाऱ्यांची आणि मोशेचे आख्यान बेने इस्राएलांचे, हे त्यांना माहीत असावे. आणि एखाद्या मुलाने ओठ मिटून नुसती टाळी धरली, तर त्याला कारण विचारले जाऊ नये. एकाच देवाचे गाणे रोज गाऊन घेणे म्हणजे पारध्याचे काम; अनेकांची गाणी ऐकवून मुलाला त्यांच्यात वावरू देणे म्हणजे पाळण्याशी बसणाऱ्याचे. पनवेलच्या शाळांना यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. विमानतळ आणि नव्या वसाहती यांच्या रेट्यात गावे बदलत आहेत, आणि धवळे पाठ असलेल्या स्त्रिया आता वयस्कर झाल्या आहेत. मुख्याध्यापकांनी आणि पालक संघांनी येत्या वर्षीच त्यांना पहिली-दुसरीच्या वर्गात सन्मानाने बोलवावे, आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे.